माईकवाला

मी फक्त माईकवाला.
दिवसाला अठराशे, डिझेल त्यांचं, जेवण मिळेल तिथे.
छोट्या हत्तीच्या टपावर दोन भोंगे,
मागे ताडपत्रीखाली धडधडणारं जनरेटर
आणि बॅनर : काळा कायदा रद्द करा.
पहिल्याच दिवशी वाऱ्यानं 'द्द' फाडला,
मग सहा दिवस लोकांनी वाचलं
काळा कायदा र करा.

कायदा कोणी वाचला नव्हता, मीही नाही.
हवामान, ऊर्जा, आणखी काहीबाही; चौऱ्याऐंशी पानं इंग्रजीत.
सुपडू वकिलांच्या पिशवीत त्याची झेरॉक्स होती,
तिच्यावर ते चहाचा कप ठेवायचे.

पहिली सभा दीपनगरच्या फाटकाबाहेर.
कौतिक आप्पा एकवीस वर्षं कोळशाच्या पट्ट्यावर, कंत्राटी;
ठेकेदार पाच बदलले, पट्टा तोच.
त्यांनी माईक धरला फावड्यासारखा, दोन्ही हातांनी.
"धूर वाईट हे मला कोण शिकवतो?
माझ्या खोकल्याला विचारा.
पण धूर बंद करायच्या कागदात
माझं नाव कितव्या ओळीत आहे, तेवढं दाखवा."
टाळ्या पडल्या.
लिंबाच्या पानांवरची राख
थोडी खाली आली.

फैजपूरला टाळ्या नाहीत.
केळीच्या बागा एका रात्रीत आडव्या झालेल्या,
त्याआधी थंडीचा चरका, त्याआधी करपा.
सुपडू वकील म्हणाले, "हवा बिघडली ही शहरातली आवई आहे."
समोर नबाब तडवी उकिडवे बसले होते.
त्यांनी बसल्या जागेवरून बागेकडे नुसतं बोट केलं.
वकिलांनी पुढचं पान उलटलं.
मी आवाज थोडा कमी केला,
कोणी सांगितलं नव्हतं.

अडावद, चोपडा, शिरपूर.
कुठे कळण्याची भाकरी आणि ठेचा,
कुठे नुसतंच पाणी, तेही गरम.
दोंडाईच्याला एका पोरानं विचारलं,
"काका, तुम्ही कोणत्या पक्षाचे?"
मी म्हटलं, साउंडचा.

सहावा दिवस, निजामपूरच्या पुढचं पठार.
डोक्यावर पवनचक्क्या, खाली मेंढरं,
सावलीची पाती जमिनीवरून फिरायची
आणि प्रत्येक वेळी मेंढरं मान खाली घालायची.
आप्पा बोलायला उभे राहिले नि जनरेटर गचकलं.
डिझेल संपलेलं. चूक माझीच.

मग ऐकू आलं :
सूंऽप, सूंऽप, सूंऽप.
भोंग्याखाली इतके दिवस
हे कधी ऐकलंच नव्हतं.

आप्पांचा आवाज पोचेना,
म्हणून लोक उठून जवळ आले,
इतके जवळ, की भाषण करायला लाज वाटावी.
बायजा ठेलारीण काठी टेकून म्हणाली,
"हाऊ पंखा कोनासाठे फिरस, भाऊ?
मन्हा घरमा ते अजून चिमनीच शे.
तुम्हना कायदा रद व्हयना,
ते मंग मन्हाकडे तार येई का?"

आप्पांनी वकिलांकडे पाहिलं.
वकिलांनी पिशवीकडे.
आप्पा खोकले, बराच वेळ खोकले,
मग म्हणाले, "माहीत नाही, बाई."
सहा दिवसांत
ह्या एका वाक्याला माईक लागला नाही.

परतताना टपावर राख होती,
शर्टाला केळीचा चीक. राख झटकली.

आठवड्यानं फोन आला, दुसऱ्या बाजूचा :
कायद्याच्या बाजूनं जनजागृती, तोच रस्ता, पाच दिवस.
"जनरेटर आणू नका, फार वाईट दिसतं.
सोलरवर चालवा."
म्हटलं, साहेब, सभा रात्री आठची आहे.
तिकडे कागद चाळल्याचा आवाज.
म्हटलं, बरं, बॅटऱ्या आणतो. रेट तोच.
फक्त निजामपूरच्या पुढे, पंख्यांखाली, एक थांबा धरा.
तिथे एक प्रश्न राहिलाय.
"कोणाचा?"
एका ठेलाऱ्याच्या बाईचा.
"असं होय," ते म्हणाले,
"अर्ज केलाय का तिनं?"